कालिया सूरसागरात नव्हता

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. 'भारताची पहिली नटी, वय वर्षे सात!' मजकूर असा : दादासाहेब फाळक्यांना सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून १९१९ साली त्यांनी पोटच्या मुलीला, मंदाकिनीला उभं केलं. 'कालिया मर्दन'चं चित्रीकरण आपल्या सूरसागर तलावात झालं. आणि पुढे तो सिनेमा कायमचा नष्ट झाला. खाली हात जोडलेल्यांची रांग.

पहिली नटी? १९१३च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या होत्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. पुढे त्या कमलाबाई गोखले; विक्रम गोखल्यांच्या आजी. तेव्हा त्याही तेरा-चौदाच्याच. बरं, बालकलाकार म्हणून पाहिली म्हणावं, तर त्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र'मध्ये फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झालेला आहे.

'बाई मिळेना' हे खरंच घडलं होतं, पण ते तारामतीच्या वेळी. शेवटी खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच! मंदाकिनीचं मात्र उलट आहे. तिला दिलेली भूमिका मुलाची, बाळकृष्णाची. त्यासाठी बाई शोधायचा प्रश्नच कुठे येतो? मुलगा हवा असता तर घरात होता. तिला घेतली ती काम जमत होतं म्हणून, असंच पडद्यावर पाहून वाटतं.

सूरसागराचं काय सांगावं! फाळक्यांचा कारभार तेव्हा नाशकातून चालत होता. बडोद्याशी त्यांचं नातं आहे, पण ते सिनेमाच्या कितीतरी आधीचं : सयाजीरावांच्या कलाभवनात ते चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले, मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. दांडिया बाजारातून रोज जाणाऱ्यांना तलाव आठवतो, कलाभवन आठवत नाही, हे जरा गमतीचंच.

राहिला नष्ट झाल्याचा मुद्दा. सिनेमा पूर्ण उरलेला नाही हे खरं, पण बराचसा भाग उरलाय आणि यूट्यूबवर फुकट दिसतो. सुरुवात कथेने होतच नाही. आधी मंदाकिनीचा नुसता चेहरा दिसतो, वेषाशिवाय, आणि त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात. ना आवाज, ना संवाद, ना आडोशाला दुसरं पात्र. त्यानंतर कृष्णाचा वेष. बाप कॅमेऱ्यामागे असला तरी त्या वयाच्या पोरीला हे सोपं नव्हे. पुढे रात्री शेटजीच्या घरात शिरून झोपलेल्या जोडप्याची दाढी आणि केस एकमेकांना बांधण्याचा प्रसंग आहे. त्यातली तिची खोडकर घाई बघा. कालियाच्या फण्यावर नाचण्यापेक्षा मला ती जास्त आवडते. मेसेजमध्ये तिच्या अभिनयाबद्दल एक ओळही नाही.