काटा अर्ध्यावर हाय ना, मंग चाला

गाडीचा डिझेलचा काटा खोटं बोलून रायला असन तर भाऊ, पयले त्याच्यावर विश्वास ठेवा. काटा अर्ध्यावर म्हणजे टाकी अर्धी, विषय संपला. आपल्या इकडं वावरात पऱ्हाटी (कपाशीचं झाड) वाळून काडी होते अन् सरकारी कागदावर पिकाची आणेवारी ५० पैशाच्या वर, म्हणजे पीक बरं हाय अशी निघते, तिथं कोणाचं काही चालते का? मंग एकट्या काट्यालेच काऊन शिव्या द्यायच्या.

तरी शंका असन तर डॅशबोर्डवर एक चापट मारा. बोटानं टकटक करू नका, ते शहरातले चाळे. चार बोटं जोडून, काटा दचकला पायजे पण काच फुटली नाई पायजे एवढ्या बेतानं. काटा थरथरून परत अर्ध्यावरच आला की समजा रीडिंग पक्कं.

त्याच्यानंही नाई भागलं तर काडी हायेच. आमच्या मामंजीनं टाकीचं झाकण खोलून पऱ्हाटीची लांब काडी आत घातली, पायले कुठवर ओली होते ते. नळीले वळण असते हे त्यायले मान्य नोहोतं. अर्धी काडी हातात रायली, अर्धी टाकीत गेली. "म्हणजे खाली डिझेल हाय," मामंजी म्हणाले. कशावरून ते आम्ही इचारलं नाई.

एक मात्र चुकूनही करू नका. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, ४५ लिटरची टाकी अन् १५ चा एव्हरेज म्हणजे ६७५ किलोमीटर, त्यातले ५०० झाले की पंपावर जायचं. हे गणित चौथीतलं पोट्टं करून देते, पण मंग प्रवासात मजा कोणती?

मजा आमाले मे महिन्यात आली. साळ्याचं लग्न पांढरकवड्याले, नागपूरहून निघालो, जाम गेलं, हिंगणघाट गेलं, वडनेरच्या पुढं गाडीनं दोन आचके देले अन् बंद. काटा? अर्ध्यावर, एकदम शांत. मागं सासरेबुवा मांडीवर आंब्याची पेटी घेऊन.

"जावईबापू, डिझेल होतं ना?"

"हाव, अर्धी टाकी हाय ना."

एका ट्रॅक्टरवाल्यानं कॅनमधलं ५ लिटर देलं, देव भेटला वाटलं, पण डिझेल गाडी कोरडी पडली की लाइनीत हवा धरते, नुसतं ओतून चालू होत नाई. फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत दाबत बसा, ४५ डिग्रीत, बोनटच्या वाफेत, सासरेबुवा आंबे मोजत असताना.

मेकॅनिककडं जाऊ नका, तो सत्य सांगते. मागची सीट उचलते, खालचं झाकण खोलते अन् दाखवते की टाकीत एक तरंगणारा फ्लोट हाय, त्याची दांडी एका पट्टीवर वरखाली सरकली की रेझिस्टन्स (विजेले होणारा अडथळा) बदलते अन् तेच वायरनं काट्याले कळते. फ्लोटले भोक पडलं की तो बुडते अन् काटा कायम रिकामं दाखवते, पट्टी घासली की काटा मधातच उड्या मारते, अर्थिंगची वायर गंजली की मनाले येईन ते सांगते. आमच्या जुन्या गाडीत त्यानं वायर काढून बॉडीले टेकवली तर काटा सर्रकन एका टोकाले गेला. म्हणजे वरचा साहेब, काटा, ठीक, गावातूनच रिपोर्ट खोटा जाऊन रायला होता. (नव्या गाडीत मीटरमंदी कॉम्प्युटर असते, तिथं हा प्रयोग नोको. अन् टाकी खोलली असताना बिडी तर कोणत्याच गाडीत नोको, मामंजी.)

दांडी वाकून मधातच अडकली होती. सोबत पऱ्हाटीचा तुकडाही निंगाला, तो मामंजीले नेऊन देला.

आता काटा खरं सांगते. रिझर्व्हवर हाय. बायको म्हणे, "तुमी उगाच दुरुस्त केला, पयले अर्धी टाकी तरी होती आपल्याजवळ."