नदी बंद असते तेव्हा

१५ ऑक्टोबरची संध्याकाळ झाली की स्कॉटलंडमधल्या टे नदीवरचे गरवणारे काठ्या आवरतात, आणि १५ जानेवारी उजाडेपर्यंत सॅमन माशाला कोणी हात लावत नाही. कायदाच तसा आहे. पर्थमध्ये राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं होतं, आता ही माणसं तीन महिने घरात शेकोटीजवळ बसून राहणार. डिसेंबरात इथे दुपारी साडेतीनच्या सुमाराला सूर्य मावळतो, काठावरची वाट निसरडी होते, पाण्यात उतरलं तर पाय बधिर होतात. अशा दिवसांत करणार तरी काय?

हे आज लिहायचं कारण आमच्या गावचा व्हॉट्सॲप ग्रुप. गाव राजापूर तालुक्यातलं. दर जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर तिथे चढणीच्या माशांचे व्हिडिओ येतात: ओहोळातून शेतात चढलेले मासे, हातात बॅटरी आणि पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टोपलीभर शिंगट्या, आणि गाबोळीने फुगलेली पोटं. गेल्या वर्षी मुंबईतल्या एका तरुणाने लिहिलं, की अंडी घालायला निघालेला मासा मारणं थांबवा, यावर बंदी आणा. त्यावर गावातून उत्तर आलं, आजोबा-पणजोबांपासून आम्ही हे मासे खातो, नदी काय आमच्यामुळे आटली? मी मधे दोन वाक्यं लिहिली, तर एका काकांनी मला सांगितलं, ‘तू तिकडे राहून आम्हांला शिकवू नको.’ काकांचा राग मला समजतो. म्हणून शिकवायला नाही, इथे जे पाहिलं ते सांगायला बसलो आहे.

आमच्या क्लबात नोव्हेंबरपासून दर बुधवारी संध्याकाळी सगळे एका हॉलमध्ये जमतात आणि माश्या बांधतात. माशी म्हणजे गरीवर पिसं, केस आणि रंगीत दोरा गुंडाळून केलेलं आमिष. छोट्या शिकंज्यात गरी धरायची, भिंग डोळ्याला लावायचं आणि तासाभरात दोन-तीन बांधून व्हायच्या. सॅमनच्या जुन्या, मानाच्या माश्यांना गालावर एक चमकदार ठिपक्याचं पीस लागतं. ते पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी थबकलोच. ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं पीस. भारतातून त्याची निर्यात कधीच बंद झाली, आता इथेच पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. पण लहानपणी गावामागच्या रानात पहाटे ज्याची बांग ऐकली, त्याचं पीस स्कॉटलंडमधल्या एका निवृत्त पोस्टमनच्या डबीत जपून ठेवलेलं पाहून मला गलबलून आलं.

बाकी हिवाळी कामं घरोघरची. छातीपर्यंतच्या रबरी विजारी उलट्या करून भोकं शोधायची, रिळांना तेल द्यायचं, दोऱ्या धुवायच्या. ज्यांना राहवतच नाही ते ग्रेलिंग गरवायला जातात, कारण त्या माशाला इथे बंदीचा काळ नाही.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच कामाबद्दल. नोव्हेंबर-डिसेंबरात सॅमन वरच्या लहान ओढ्यांत पोचतात. मादी कुशीवर वळून शेपटीने वाळूगोट्यांत खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि वरून पुन्हा गोटे लोटते. तळाच्या काळपट दगडांत तेवढाच भाग धुतल्यासारखा उजळ दिसतो. या घरट्याला इथे रेड म्हणतात. पाणी नितळ आणि कमी असेल त्या दिवशी माणसं काठाकाठाने मैलोन्‌मैल चालतात आणि हे उजळ ठिपके मोजतात. संशोधक असतात, आणि त्यांच्याबरोबर गरवणारेही असतात. पाय कुठेही पाण्यात टाकायचा नाही, कारण खाली अंडी असतात आणि ती वसंतात फुटायची असतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चार तासांत आम्हांला सात दिसली. त्याच ओढ्यात पूर्वी मोजायला बोटं पुरायची नाहीत, असं बरोबरचे म्हातारे सांगत होते. सातव्याशी आम्ही बराच वेळ उभे राहिलो. मादी अजून तिथेच होती, शेपटीची कातडी झिजून पांढरी पडलेली.

सॅमनचे दिवस खरोखर वाईट आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेने ब्रिटनमधल्या अटलांटिक सॅमनला ‘संकटग्रस्त’ ठरवलं. स्कॉटलंडमध्ये गरीला लागलेल्या सॅमनच्या नोंदी १९५२ पासून आहेत, आणि त्यांत २०२३ सालचा आकडा तोवरचा सर्वांत खालचा निघाला. आता धरलेल्या सॅमनपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त परत पाण्यात सोडले जातात. हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘सोडायचाच तर धरायचा कशाला? त्याला उगाच त्रास.’ याला माझ्यापाशी उत्तर नाही. ज्याच्या घरी मासा म्हणजे कालवण, त्याला हा खेळ पटणार नाही, आणि पटावा असं मी म्हणणारही नाही.

काकांच्या बाजूनेही बोलायला हवं. इथली नदी सगळ्यांची नाही. सॅमन गरवण्याचा हक्क जमिनीसारखा विकला जातो, भाड्याने दिला जातो, आणि टेच्या काही भागांत एका दिवसाचे शंभराहून जास्त पौंड मोजावे लागतात. शिवाय या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जाळ्यांनी सॅमन धरणारी माणसं होती. २०१६ पासून किनाऱ्यावर सॅमन मारायला बंदी आली. मासा वाचवायचा म्हणून पोटासाठी धरणारा आधी बाजूला झाला, आणि हौसेने धरणारा राहिला. आपल्याकडे कोणी परदेशाचा दाखला देऊन नियम आणू लागलं तर हे जरूर विचारावं, की यात पहिला बाजूला कोण होणार?

कोकणच्या किनाऱ्यावर तो प्रश्न रोजचा आहे. पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. पूर्वी ती नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत, जे आधी येईल तोवर असायची, आणि ती पुन्हा वाढवावी अशी मागणी पारंपरिक मच्छीमारांमधूनच होते. म्हणजे बंदी ही वरून लादलेली गोष्ट आहे असं मुळीच नाही. दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही हे कायद्याच्या कितीतरी आधीचं. तोवर जाळी विणायची, होड्या दुरुस्त करायच्या. पण आपला वाद सगळा दिवसांवर अडतो. एकसष्ट की पंचाहत्तर? कोणाची बोट गुपचूप बाहेर गेली? मोठ्या पर्ससीन जाळीवाल्यांना कोण पाठीशी घालतं? हे प्रश्न खोटे नाहीत. तरी त्या बंद दिवसांत मासा काय करतो, कुठे अंडी घालतो, यंदा किती आला, हे मोजायला किनाऱ्यावरच्या माणसाला कोणी बोलावत नाही. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत बंदीकाळासाठी सरकारकडून ३००० रुपये आणि त्यावर मच्छीमाराचे स्वतःचे १५०० अशी तरतूद आहे. ही मदत म्हणून दिली जाते. मला वाटतं, याच्या कितीतरी पट रक्कम मजुरी म्हणून द्यावी, आणि कोळ्यांकडून खाडीची, पिल्लांची, गाबोळीच्या माशांची नोंद करून घ्यावी. समुद्र त्यांच्याइतका कोणी पाहिलेला नाही.

आणि चढणीचे मासे? बंदीच्या बाजूने मी नाही. पाग घेऊन गेलेल्या घराने नदी आटत नाही. उन्हाळ्यात डोहात विषारी पावडर टाकणारे मात्र सगळं संपवतात, आणि विष किंवा सुरुंग वापरून मासे मारणं तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. त्यावर ग्रुपवर कोणी बोलत नाही, कारण टाकणारे ओळखीचे असतात. दुसरी गोष्ट बंधाऱ्यांची. टेला मिळणाऱ्या टमल नदीवर पिटलॉकरीला धरण बांधलं तेव्हाच शेजारी माशांसाठी जिना बांधला: ३१० मीटर लांब, ३४ टप्प्यांचा. सत्तरएक वर्षं झाली, सॅमन अजून त्यावरून वर जातात. आमच्या गावात रस्त्याखाली टाकलेल्या पाइपाचं तोंड ओहोळाच्या पाण्यापासून दीड हात वर आहे. मासा उड्या मारून मारून खालीच राहतो, आणि तिथेच सगळे पाग घेऊन उभे असतात. दगड रचून दोन पायऱ्या केल्या तर काम होईल. त्याला ठराव लागत नाही, निधीही लागत नाही.

देवाच्या नावाने राखलेलं पाणी आपल्याला नवं नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीत, वाडा गावाजवळ तिळशाला खडस (महसीर) मासे माणसाच्या हाताजवळ येतात आणि त्यांना कोणी मारत नाही. तसा एक ओहोळ, आमच्या वाडीच्या वरचा, पावसाचे पहिले आठ दिवस मोकळा ठेवता येईल का, असं मी चुलतभावाला विचारलं. मासे धरायला बाकीचे तीन ओहोळ आहेतच. मी जूनमध्ये तीन आठवडे येतोय, वही घेऊन बसेन, किती चढले ते लिहीन.

दादाने दोन दिवस उत्तर दिलं नाही. काल त्याचा आवाजी निरोप आला. ‘ठेवूया. मी सांगतो पोरांना. पण तू दिवसा येऊन बसशील तर काही दिसायचं नाही. चढण रात्री लागते, पाऊस धो धो असताना. घोंगडी आण, आणि पाइपाखाली दगड लावायला हात पण लाव.’