इंग्लंडात खायला काही नाही म्हणणाऱ्यांनो

आज सकाळी एका ग्रुपवर पुन्हा तेच. आठवडाभर लंडन करून परत गेलेल्या एकाने लिहिलंय, "देश बघून झाला, पण खायला काही नाही. उकडलेले बटाटे!" खाली सगळ्यांचे हसरे चेहरे.

डोकंच फिरलं माझं. अहो, देश बघितलात कुठे तुम्ही? लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवर गाडीत बसलं की दोनेक तासांत नॉरिच, तिथून छोट्या गाडीने पाऊण तासात क्रोमर. नॉरफोक काउंटीचा उत्तर किनारा. एवढंही जमलं नाही?

बाबांना मागच्या जूनमध्ये तिथे नेलं. मालवणात वाढलेला माणूस, लंडनमध्ये तोंड पाडून बसला होता. क्रोमरला बंदर नाही, होड्या ट्रॅक्टरने ओढून किनाऱ्यावर घेतात. ते बघताना बाबा जागचे हलेनात. मग खेकड्याच्या दुकानात काउंटरवरच्या एका खेकड्याकडे बोट करून मला म्हणाले, "मादी काय गो?" दुकानवालीला मराठीचा गंध नाही, पण तिला कळलं. तिने खेकडा उलटा केला आणि पोटावरची रुंद झडप दाखवली. बाबांनी मान हलवली, तिनेही.

तिथे खेकडा उकडून, पांढरं आणि तपकिरी मांस सोलून परत कवचातच भरून देतात. मसाला नाही, वाटप नाही. समुद्राच्या तळाशी खडूचे खडक आहेत म्हणून आमचा खेकडा गोड, असं तिथले लोक सांगतात. बाबांनी लिंबूसुद्धा पिळलं नाही. कुर्लीच्या कालवणाशिवाय घास न उतरणारे माझे बाबा!

महाग पडतं, मान्य. उन्हाळ्यातही वारा झोंबतो.

शाकाहारी मंडळींनी सँफायर खावी. त्याच किनाऱ्यावरच्या वेल्स-नेक्स्ट-द-सी, ब्लेकनी या गावांकडच्या खाऱ्या दलदलीत उन्हाळ्यात उगवणारी हिरवीगार, बोटभर काडी. नुसती उकडायची, लोणी सोडायचं, देठाला धरून दातांनी ओढायची. गर तोंडात, शीर हातात. मीठ लागतच नाही.

लिहिता लिहिता राग जरा उतरला, कारण त्याच किनाऱ्यावरचं हेझबरो गाव आठवलं. तिथले मातीचे कडे समुद्र खातोय, घरं गेली, रस्ता मध्येच तुटलाय. 2013 मध्ये तिथल्याच किनाऱ्यावर आठ लाख वर्षांहून जुने माणसांच्या पावलांचे ठसे उघडे पडले आणि थोड्याच दिवसांत लाटांनी पुसूनही टाकले. बाबा कड्यापासून लांब उभे राहून एवढंच म्हणाले, "आमच्याकडे पण दर्या अशीच जमीन खाता." दुपारी दुकानात खुललेला माणूस नॉरिच येईपर्यंत गप्प होता.

आणि अशा मुलखाला 'उकडलेले बटाटे' म्हणायचं?

पुढच्या वर्षी येणाऱ्यांनी तिकिटं मार्च ते ऑक्टोबरमधली काढा, खेकड्याचा हंगाम तेव्हा असतो. लंडनचे दोन दिवस कमी करा. मला आधी कळवा, मी सोबत येते.