आमची मागची बाजू

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी संगमेश्वरजवळच्या आमच्या गावाहून पुण्याला परतताना गाडीत माणसं चार असतात आणि सामान दहा जणांचं. आंब्याच्या पाच पेट्या, आगळाच्या बाटल्या, एक फणस (तो दर वर्षी ‘लहानसाच’ असतो) आणि निघताना आईने डिकीत ढकललेलं तांदळाचं पोतं. कुंभार्ली घाट गाडी मुकाट चढते. तोंड उघडते ती थेट आमच्या सोसायटीच्या फाटकात, गतिरोधकावर. पोटाखालून असा काही खर्रर्र आवाज येतो की वॉचमन खुर्चीतूनच म्हणतो, “साहेब, यंदा आंबा बरा झालाय वाटतं.”

गतिरोधकाबद्दल थोडं सांगायला हवं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५च्या वेगाने सुखाने ओलांडता येतो. आमचा गतिरोधक आमच्या सेक्रेटरींनी एका रविवारी, टाकीच्या कामातून उरलेल्या सिमेंटचा, स्वतःच्या देखरेखीखाली घालून घेतला. उंचीत हात सैल सोडला आणि रुंदीत काटकसर केली. तो पोळपाटाएवढा रुंद आहे. ताशी २५ने ओलांडला तर माणूस गाडीच्या आधी घरी पोचतो.

मी कागद-पेन्सिल घेतली. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोटाखालची मोकळी जागा, १७० मिलिमीटर, पण तो रिकाम्या गाडीचा. मागची स्प्रिंग साधारण दोन किलोला एक मिलिमीटर दबते. मागच्या चाकांवर २०० किलो जास्तीचे आले की एकेका स्प्रिंगवर १००, म्हणजे गाडी ५० मिलिमीटर खाली. उरले १२०. सेक्रेटरींचं सिमेंट १३०. हिशोब चोख जुळला. असा हिशोब जुळला की माणसाला आपण इंजिनिअर आहोत असं वाटायला लागतं, आणि मी बँकेत आहे.

मिस्त्री म्हणाला, “रबर टाका साहेब, हजारात काम होईल.” स्प्रिंगच्या वेटोळ्यांत जाड रबरी बफर अडकवायचे. रबराने धरलेली वेटोळी काम करायची थांबतात, उरलेल्यांवर सगळा भार येतो आणि स्प्रिंग कडक होते. दोन बसवले. गणपतीला गावी गेलो तेव्हा दोन होते, परत आलो तेव्हा एक. दुसरा पाटण ते कराड दरम्यान कुठेतरी स्थायिक झाला असावा. गाडी एका कुशीवर पुण्यात आली.

मग मी नाना पेठेत गेलो. गाडीच्या सुट्या भागांसाठी नाना पेठेत गेलेला माणूस हात हलवत परत येत नाही. लागणारी वस्तू मिळाली नाही तर न लागणारी घेऊन येतो. काउंटरवरच्या माणसाने गाडीचं मॉडेल विचारलं आणि ‘हेवी ड्यूटी’ अशी स्प्रिंगांची जोडी पुढ्यात आपटली. मी खिशातून जाडी मोजायचा कॅलिपर काढला. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी बँकेत फाटकी नोट प्रकाशाकडे धरून बघणाऱ्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेली आहे. जुनी तार ११ मिलिमीटर, नवी १२. मनात म्हटलं, एका मिलिमीटरने काय होणार?

काय होणार ते नंतर वाचलं. वेटोळ्यांचा व्यास आणि संख्या तीच ठेवली तर स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे तार एक मिलिमीटरने जाड आणि स्प्रिंग चाळीस टक्क्यांहून थोडी जास्तच कडक! आमच्या बँकेत असा व्याजदर कुणी दिला असता तर मी नोकरी सोडून ठेवीदार झालो असतो.

“शॉकअपपण बदला,” मिस्त्री म्हणाला. शॉकअप म्हणजे स्प्रिंगशेजारची तेलाची नळकांडी. मी खाली वाकून पाहिलं. तेल गळत नव्हतं. न गळणारी वस्तू बदलणं आमच्या घराण्यात बसत नाही. नव्या स्प्रिंगा आणि अकरा वर्षांचे शॉकअप अशी गाडी ताब्यात घेतली.

पहिल्या गतिरोधकावर खर्रर्र आवाज आला नाही. मी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. ती वर जात होती. मग खाली आली. मग पुन्हा वर. गतिरोधक मागे पडून पार्किंग आलं तरी आमच्या माना हलतच होत्या. वॉचमनने उठून नमस्कार केला. त्याला वाटलं, आम्ही त्यालाच करतोय. पुढचा महिनाभर गाडी कोणत्याही खड्ड्याला एकदा पाहून सोडत नसे. खड्डा मागे जायचा आणि मागची बाजू त्याची आठवण काढत लेझीम खेळत राहायची. धाकटी लेक खूश होती. तिला हीच नवी सोय वाटली आणि ‘मैत्रिणींना फेरी मारून आणा’ असं ती मला सांगायची.

त्या सुमाराला सासरे राहायला आले. अण्णा दापोडीच्या एसटी वर्कशॉपात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. ते अजूनही जावयाला ‘अहो’ म्हणतात, त्यामुळे त्यांनी केलेला अपमान व्यवस्थित, इस्त्री करून मिळतो. त्यांनी मागच्या बंपरवर तळहात ठेवला, एकदा जोरात दाबला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, वर आली. अण्णा मोजत होते. तीनवर थांबले.

“जावईबापू, एकदा वर येऊन गप बसायला पाहिजे हिनं.”

“हो, पण आता घासत नाही, अण्णा.”

“घासत नाही हो, उडतीय. स्प्रिंग वजन उचलते. शॉकअप काही उचलत नाही, ते स्प्रिंगला गप करतं. तुम्ही पैलवान नवा आणलात आणि वस्ताद ठेवलात म्हातारा.”

मग विषय पाट्यांवर गेला, तसा तो जाणारच होता. एसटीचे पाटे. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, गाडी हलली की एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यातच उसळी बरीचशी जिरते. “वजनही तेच उचलतात, गपही तेच करतात,” अण्णा म्हणाले. “ही तुमची वेटोळ्याची स्प्रिंग म्हणजे नुसती उसळी. तिला स्वतःची लाज नाही.” एसटीत मागच्या बाकावर बसून कोकणात गेलेल्या माझ्या मणक्याला ‘गप करतात’ हा भाग काही पटला नाही, पण सासरे जेवायला बसले होते.

आता शॉकअप घ्यायचे ठरलं. इथे भाचा आला. भाच्याच्या मित्राने आपली गाडी जमिनीला टेकवून फिरवण्याचा नाद नुकताच सोडला होता. त्याचे जेमतेम वापरलेले शॉकअप निम्म्या किमतीत मिळत होते. त्यावर आठ टप्प्यांची चकती. “मामा, फिरवायची फक्त. एक म्हणजे मऊ, आठ म्हणजे रेसिंग.” निम्मी किंमत ऐकून मी पुढचं ऐकलं नाही.

माणसाने शॉकअप घेताना चकतीआधी लांबी बघावी. हे शॉकअप खाली बसवलेल्या गाडीचे, म्हणून आखूड. माझ्या हेवी ड्यूटी स्प्रिंगांनी रिकामी गाडी चांगली दीड इंच वर उचललेली. परिणामी गाडी नुसती उभी असतानाच शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेले. हात वर करून माळ्यावरचा डबा काढणाऱ्या माणसाला आणखी वर हो म्हटलं तर तो काय होणार? चाक खड्ड्यात उतरायला गेलं की शॉकअपची दोरी संपायची आणि डिकीतून हातोडा मारल्यासारखा ठण्ण आवाज यायचा. मी चकती एकपासून आठपर्यंत फिरवली. तिने ठण्णची जात बदलली, ठण्ण गेला नाही. आठवर तर रम्बलरच्या पट्ट्यांवर एक नवाच खेळ दिसला. मागची बाजू दबली की इतकी सावकाश वर यायची की तोवर पुढची पट्टी हजर. दर पट्टीला ती थोडी थोडी खाली जात राहायची. सहाव्या पट्टीपर्यंत आम्ही बंप स्टॉपवर (स्प्रिंग पुरती दबली की गाडी टेकते त्या रबरावर) बसून होतो, पंगतीत मांडी घातल्यासारखे.

“आतून कुणीतरी दार वाजवतंय,” बायको म्हणाली. “उघड तरी.”

शेवटी शहाण्या माणसाने पहिल्या दिवशी केलं असतं ते मी आठव्या महिन्यात केलं. त्या कडक स्प्रिंगांच्याच बनावटीच्या यादीत त्यांच्या जोडीचे म्हणून दिलेले, योग्य लांबीचे शॉकअप, सोबत नवे बंप स्टॉप आणि माउंटिंगची रबरं. अण्णा उभं राहून बसवून घेत होते. बंपर दाबला. गाडी एकदा वर आली आणि गप बसली. अण्णांनी खिशातून रुमाल काढून हात पुसले, बोलले काही नाहीत. पुढच्या स्प्रिंगांना मी हात लावला नाही. तिथे स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते, ती दाबून धरायचा शिकंजा दाखवताना मिस्त्रीने ज्या सहजपणे “सुटली तर मान घेऊन जाते” म्हटलं ते पुरेसं होतं. सगळ्या पावत्यांची बेरीज विम्याच्या कागदावरच्या गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली. ती बेरीज मी बँकेतच ठेवली आहे, घरी आणलेली नाही.

या मेमध्ये पाच पेट्या, फणस आणि पोतं घेऊन आम्ही गतिरोधकावरून आलो. आवाज नाही, उडी नाही, ठण्ण नाही. वॉचमन म्हणाला, “यंदा आंबा नाही का, साहेब?”

फक्त सामान उतरवल्यावर गाडी बैलगाडी झाली. दोनशे किलोंसाठी निवडलेली स्प्रिंग एकट्या माणसाला कशाला दाद देईल? रस्त्यावरचा शेंगदाणासुद्धा कळतो. म्हणून पंचवीस-पंचवीस किलोंची दोन पोती आता डिकीतच असतात. महिना संपत आला आणि कर्वे रस्ता टोचायला लागला की मला कळतं, तांदूळ निम्म्यावर आला.

“खिचडी टाकतेय,” काल रात्री बायको म्हणाली. “खाली जाऊन दोन वाट्या घेऊन ये.”

“उद्या सकाळी मला नगरला जायचंय,” मी म्हणालो. “पोहे नाही का चालणार?”