निर्वासित आले की गाव बुडतं म्हणे!

‘निर्वासितांना दारात उभं करू नका’ असा मथळा, खाली सहा मुद्दे आणि शेवटी ‘खरे देशप्रेमी असाल तर दहा जणांना पाठवा’. हा मेसेज बरेच दिवस फिरतोय, मी न वाचता सोडून देत होते. परवा तो आमच्या घरच्या ग्रुपवर पडला. तोही थोरल्या मामांनी टाकलेला, आणि खाली सगळ्या भावंडांचे अंगठे. मामा कोल्हापूरचे. म्हणून जास्तच डोक्यात गेलं.

पहिला मुद्दा: ‘निर्वासित वसले ते गाव कायमचं बुडालं. उलटं एक तरी उदाहरण दाखवा.’ दाखवते की! मामा, तुमच्या धाकटीच्या लग्नाचा बस्ता कुठे बांधलात? कोल्हापूरशेजारच्या गांधीनगरला. आपल्याला गादीवर बसवून, चहा पाजून, साड्यांचा ढीग पुढ्यात टाकणारे आणि ‘काकी, परवडत नाही ओ’ म्हणत अस्सल कोल्हापुरीत घासाघीस करणारे ते दुकानदार कोण होते? सिंधी. फाळणीत घरदार सोडून आलेल्यांची मुलं-नातवंडं. आणि ही माणसं येऊन राहिली कुठे, तर तिथल्याच वळिवड्याच्या छावणीत. ती छावणीही मुळात निर्वासितांसाठीच बांधलेली. सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडमधून सैबेरिया, कझाकस्तानात हाकललेले लोक इराणमार्गे भारतात आले, त्यातले सुमारे 5 हजार 1943 पासून वळिवड्यात होते. बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना सगळं छावणीतच. 1948 पर्यंत ते गेले आणि त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आली. म्हणजे एकाच जागी निर्वासितांच्या दोन खेपा, आणि आज तिथे कापडाची एवढी मोठी बाजारपेठ की लग्नसराईत गाडी लावायला जागा मिळत नाही. बुडालेलं गाव असं असतं?

सिंधी आले तेव्हा लोकांनी आरत्या ओवाळल्या असंही नाही. साप आणि सिंधी यांच्यावरची ती घाणेरडी म्हण आपल्याच तोंडी होती.

याच्या उलट एक गोड मेसेजही फिरतो, की पोलिश लोकांना कोल्हापूर संस्थाननं स्वतःच्या खजिन्यातून पोसलं. तोही अर्धवटच. छावणीचा खर्च लंडनमधलं पोलंडचं परागंदा सरकार करत होतं. मला तर हे जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तो पैसा इथेच खर्च व्हायचा. पाहुण्यांमुळे आपला माल खपतोय म्हटल्यावर गाव त्यांच्याकडे रागानं कशाला बघेल?

‘एकदा आले की जात नाहीत.’ 1971 साली पूर्व बंगालमधून, म्हणजे आताच्या बांगलादेशातून, सुमारे 1 कोटी माणसं आली. पत्रावर 5 पैशांचं जादा तिकीट त्यांच्यासाठीच लावत होतो, मामा, तुम्ही तेव्हा शाळेत असाल. डिसेंबरात युद्ध संपलं आणि पुढच्या काही महिन्यांत त्यातले बहुतेक परत गेले. पूर्व बंगालमधून आधी आलेली काही कुटुंबं राहिली, आपल्या गडचिरोलीतही आहेत. नाकारत नाही.

‘रोहिंग्यांना फुकट फ्लॅट.’ 2022 च्या ऑगस्टमध्ये एका केंद्रीय मंत्र्यांनी म्यानमारमधून पळून आलेल्या या लोकांना दिल्लीत फ्लॅट देणार असं ट्विट केलं, आणि त्याच दिवशी गृहमंत्रालयानं असा कुठलाही आदेश नाही म्हणून जाहीर केलं. सरकार त्यांना निर्वासित मानतच नाही, बेकायदा स्थलांतरित म्हणतं. मेसेजवाल्यानं सकाळचं ट्विट ठेवलं, नंतरचा खुलासा उडवला.

‘गुन्हे वाढतात’ यात गाव नाही, साल नाही, आकडा नाही. उत्तर कशाला देऊ?

‘जगाची धर्मशाळा फक्त आपणच.’ संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा वार्षिक अहवाल उघडा. जगातले जवळपास तीन चतुर्थांश निर्वासित गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत आणि बहुतेक शेजारच्याच देशात अडकलेले. तुर्कस्तान, इराण, कोलंबिया, युगांडा ही नावं वर दिसतील. आपलं त्यात नाही.

आता स्थानिकांवर ताण पडतो, हे मात्र मेसेजवाला बरोबर बोलला. चुकून का होईना. 2017 मध्ये म्यानमारमधून 7 लाखांवर रोहिंग्या काही महिन्यांत बांगलादेशातल्या कॉक्स बझारला आले. छावण्यांसाठी डोंगरांवरचं जंगल तुटलं, मजुरीला माणसं जास्त झाली. तिथल्या गरिबानं तक्रार केली तर त्याला निर्दयी म्हणणाऱ्यातली मी नाही. पण त्यावर तोड आहे. युगांडात निर्वासितांना कामाची मुभा आहे, वस्त्यांमध्ये कसायला जमिनीचा तुकडा मिळतो, आणि मदतीतला 30 टक्के वाटा आजूबाजूच्या गावांसाठी, हे धोरणच आहे. निधी कमी पडतो तेव्हा तिथेही कुरबुर होते. तरी निर्वासितांसाठी काढलेल्या विहिरीचं पाणी गावालाही मिळत असेल, तर शेजाऱ्याला त्यांचं येणं नुसतं संकट वाटत नाही.