घोडा पोहतो, म्हणून पुरात सोडून द्यायचा?

पुण्याच्या खडकवासला धरणातून मुठेत विसर्ग वाढल्याची बातमी आली की पाठोपाठ एक व्हिडिओ येतो. चहूकडे पाणी आणि त्यातून घोड्यांचा मोठा कळप ओळीने येतोय. खाली मजकूर असा: ‘घोडा जन्मजात पोहणारा. पुरात त्याला काही होत नाही. परदेशात तर हिवाळाभर घोडे पाण्यात उभे असतात. प्यायला पाणी, खायला गवत, सगळं जागेवर. दावं सोडा, तो त्याचं बघून घेतो. नदीकाठच्या घोड्यांसाठी उगाच गळे काढू नका.’ प्राणीप्रेमींना टोमणा म्हणून लोक हे पुढे ढकलतात, तिथवर ठीक. पण आता घोडेवालेही एकमेकांना पाठवू लागलेत, आणि तिथे हा सल्ला जनावराच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून एकेक मुद्दा धरून उत्तर देतो.

व्हिडिओपासूनच सुरुवात करू. हे दृश्य नेदरलँड्सच्या उत्तरेला मारुम नावाच्या गावाजवळचं आहे. ३१ ऑक्टोबर २००६ च्या रात्री वादळ झालं, समुद्राचं पाणी बंधाऱ्याबाहेरच्या कुरणात शिरलं आणि शंभरावर घोडे एका उंचवट्यावर अडकले. पोहता सगळ्यांना येत होतं. तरी हलले नाहीत. एकमेकांना खेटून दिवसच्या दिवस उभे राहिले. वीसेक बुडून मेले. बोटींनी थोडेच निघाले. शेवटी ३ नोव्हेंबरला चार बायका घोड्यांवर बसून पाण्यात उतरल्या, उंचवट्यापर्यंत गेल्या आणि त्यांच्या घोड्यांमागे कळप निघाला. फिरतोय तो तुकडा एवढ्या शेवटाचाच. आधीचे दिवस आणि मेलेले घोडे कापून टाकायचे आणि उरलेलं ‘घोडा त्याचं बघून घेतो’ म्हणून दाखवायचं, ही कमालच म्हणायची. तिथे घोड्यांचं माणसांनी बघितलं, म्हणून ते वाचले.

पोहण्याबद्दल वाद नाही. शर्यतीच्या घोड्यांना व्यायाम म्हणून मुद्दाम पोहवतात. पण ते स्वच्छ हौदात, दोर धरून, काही मिनिटं. भिडे पूल पाण्याखाली गेला की मुठेला जी ओढ असते तिच्यात पत्रे, ओंडके, तारा, काय काय वाहत असतं, आणि काठाला जागोजागी भिंत. घोडा भिंत चढत नाही. शिवाय शहरातल्या पाण्यात बुडण्याआधी विजेची भीती. २५ जुलै २०२४ ला, सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं त्याच दिवशी, पुलाची वाडी भागात विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. घोड्याच्या पायांना लोखंडी नाल, पुढच्या-मागच्या पायांत चांगलं अंतर. पाण्यात वीज उतरली असेल तर ती एका पायातून शिरून छातीवाटे दुसऱ्यातून निघते. त्याला पुरुषभर पाणी कशाला, घोटाभर पुरतं.

‘हिवाळाभर पाण्यात उभे असतात’ हा मुद्दा सगळ्यांत फसवा, कारण उभे असतात हे खरं आहे. इंग्लंडात सॉमरसेटच्या सखल भागात २०१३ च्या डिसेंबरात चढलेलं पाणी कित्येक आठवडे उतरलं नव्हतं; मचेल्नी गावाचे रस्तेच तुटले होते. अशा पुरात जनावर पाण्यात दिसतं ते त्याला सोसतं म्हणून नव्हे, सुकी जागा उरलेली नसते म्हणून. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो हे लहान मुलंही सांगतील. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवं व्हावंच लागतं, रोज थोडा वेळ का होईना. पाण्यात तो आडवा होत नाही. असे बरेच दिवस गेले की उभ्याउभ्याच डोळा लागतो, पुढचे पाय दुमडतात आणि तो तोंडावर येतो. पुढच्या गुडघ्यांवर ताजं खरचटलेलं दिसलं तर मालक म्हणतो, ठेच लागली असेल. झोप विचारा आधी.

मग खूर. ‘खूर काय, दगडच’ असं म्हणणाऱ्याने आठवडाभर ओल्यात बांधलेल्या घोड्याचा पाय एकदा हातात घ्यावा. तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग काळा पडलेला असतो, खूर साफ करायचा आकडा फिरवला की काळा लगदा निघतो आणि त्याची कुजकी घाण साबणाने धुतली तरी हाताला राहते. भिजलेल्या खुरात खिळे धरत नाहीत, नाल सैल होतो, नरम तळव्याला खडा रुततो, आत पू होतो. सकाळी घोडा तीन पायांवर. खुराच्या वर, टाचेच्या खोबणीत, माणसाला चिखल्या होतात तसंच होतं: कातडी फुटते, खपल्या धरतात, खपली निघते ती केसांच्या पुंजक्यासकट, आणि पाय सुजतो. मलम लावून त्याच चिखलात परत बांधला तर मलम वाया. नदीकाठच्या, घोडे सांभाळणाऱ्या कुठल्याही मोतद्दाराला हे ठाऊक असतं. त्याच्याकडे कोरडी जागा नसते, एवढंच.

थंडीचा हिशेब तिकडचा वेगळा, आपला वेगळा. सुकी थंडी घोडा शून्याखालीही सोसतो. केस उभे राहतात आणि त्यांत हवा धरली जाते. भिजून केस अंगाला चिकटले आणि वर वारा सुटला की ती ऊब गेली. आपला पूर आषाढ-श्रावणातला, गारठ्याने इथे घोडा सहसा दगावत नाही. खुरांना मात्र आषाढ काय आणि डिसेंबर काय.

‘प्यायला पाणी जागेवर’ हे वाचून हसावं की रडावं कळेना. मोठ्या घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं. पुराच्या पाण्यात गटार असतं, डिझेल असतं, उंदरांचं मूत असतं. त्या मुतातून होणाऱ्या लेप्टो या रोगामुळे पुढे घोड्याचे डोळेही जाऊ शकतात. शहाणा घोडा असल्या पाण्याला तोंड लावत नाही, मग आतड्यातला चारा सुकून अडकतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे आतलं वर यायची सोयच नाही. गाळ बसलेलं गवत खाल्लं तरी रेती पोटात साठते. भिजून बुरशी धरलेला कडबा टाकूनच द्यावा. आणि ‘ऊब यावी’ म्हणून चंदी, म्हणजे दाणा, वाढवणाऱ्यांनीही थांबावं. अंगात ऊब येते ती वैरण पचताना. चारशे किलोच्या घोड्याला रोज सहा ते आठ किलो सुकी वैरण मिळाली पाहिजे. काम बंद असताना चंदी एकदम वाढवली तर पोट बिघडतं, खुरांत दाह होतो.

राहिलं ‘दावं सोडा’. पाणी अंगाशी आलंय, वेळ नाही, तर अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे-मागचे दोर, कापाच, बांधलेला घोडा नक्की बुडतो. पण ही शेवटची गोष्ट झाली, बेत नव्हे. सुटलेला घोडा घाबरून रस्त्यावर येतो, गाडीखाली सापडतो, नाहीतर ओळखीच्या जागी म्हणून परत पाण्याकडे वळतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं आणि विनाकारण वाऱ्यावर सोडून देणं, दोन्ही त्यात गुन्हे आहेत.

वरातीचा घोडा चातुर्मासात जवळजवळ रिकामा उभा असतो. मिळकत नाही, खाणं चालूच. त्यात उंचावरची जागा भाड्याने घेणं परवडत नाही, आणि म्हणून हा मजकूर सोयीचा वाटतो, हे मला कळतं. तरी विसर्गाची बातमी कानावर येताच, उजेड आहे तोवर, घोडे हलवता येतात. नातेवाइकाचं आवार, मंगल कार्यालयाचं मागचं अंगण, कुणाची तरी पडीक जागा, हे जूनमध्येच बोलून ठेवावं. कळपात शांत असेल तो घोडा पुढे धरावा, बाकीचे मागे येतात. धनुर्वाताचं इंजेक्शन पावसाळ्याआधी झालेलं असावं, कारण घोड्याची जात त्या रोगाला फार लवकर बळी पडते. आणि खुरावर पक्क्या मार्करने मोबाइल नंबर लिहून ठेवावा, सुटलाच तर कुणीतरी फोन करेल.