‘फर्गीसारखा वेळ द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जानेवारी २०२६ मध्ये मॅनेजर रुबेन अमोरिमला नारळ दिला तेव्हापासून मँचेस्टर युनायटेडच्या फॅन्समध्ये एक मेसेज फिरतोय, माझ्याकडेच तो वेगवेगळ्या लोकांकडून आलाय आणि प्रत्येकाने खाली ‘अगदी खरं’ असं लिहून पाठवलाय. मेसेज थोडक्यात असा की जुना मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसन, म्हणजे फर्गी, ह्याला पहिली साडेतीन वर्षं एकही ट्रॉफी नव्हती तरी क्लबने धीर धरला म्हणून पुढचं सगळं घडलं, २०१३ मध्ये तो गेल्यानंतर मात्र कुणालाच वेळ दिला नाही, जे क्लब मॅनेजर टिकवतात तेच जिंकतात, पैसा तर भरपूर ओतलाय त्यामुळे मालकांना शिव्या घालण्यात अर्थ नाही, आणि शेवटी माजलेले खेळाडूच मॅनेजरला पाडतात. म्हणून पुढच्या माणसाला पाच वर्षं हात लावू नका.

मला हा मेसेज फार त्रास देतो, कारण तो लिहिणाऱ्याचं क्लबवर प्रेम आहे हे दिसतं आणि तरीही तो ज्यांनी हे सगळं करून ठेवलंय त्यांनाच सोडून देतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘फर्गीच्या हातात काहीच नव्हतं, तरी क्लबने फक्त विश्वास ठेवला.’

नाही हो. ६ नोव्हेंबर १९८६ ला फर्ग्युसन आला तेव्हा त्याच्यामागे अॅबरडीन ह्या स्कॉटिश क्लबमधलं यश होतं. सेल्टिक आणि रेंजर्स ह्या दोन क्लबचाच दबदबा असलेल्या स्कॉटलंडमध्ये त्याने तीनदा लीग जिंकली होती आणि १९८३ च्या कप विनर्स कपच्या फायनलमध्ये रिअल माद्रिदला हरवलं होतं. युनायटेड तेव्हा बावीस टीमच्या टेबलमध्ये एकविसावं होतं, त्याने तो सिझन अकराव्या नंबरवर संपवला आणि पुढच्याच सिझनला, १९८७-८८ ला, टीम दुसरी आली. ही दुसरी जागा मेसेजमध्ये कुणीच सांगत नाही, जणू काही ती चार वर्षं म्हणजे नुसता अंधार होता. पुढे अकरावा आणि तेरावा नंबर आला, सप्टेंबर ८९ मध्ये मँचेस्टर सिटीने पाच गोल मारले, लोक त्याच्या विरोधात बॅनर घेऊन आले, हे सगळं खरं आहे. पण त्याच उन्हाळ्यात त्याला पॅलिस्टर, इन्स, वेब, वॉलेस आणि फेलन इतके खेळाडू घेऊन दिले होते आणि तेही त्याने मागितलेले.

आणि महत्त्वाचं म्हणजे खाली काय चाललंय ते बोर्डाला दिसत होतं. स्काउटिंग नव्याने बांधलं जात होतं, खेळाडूंची भरपूर दारू पिण्याची जुनी सवय मोडली जात होती, गिग्जला सिटीकडून ओढून १४ व्या वाढदिवसाला करारबद्ध केलं ते १९८७ मध्ये, आणि बेकहॅम, बट, नेव्हिल ह्यांची यूथ कप जिंकणारी १९९२ ची टीम त्याच कामातून आली. जानेवारी १९९० च्या नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्धच्या मॅचबद्दल आपण सगळे सांगतो की मार्क रॉबिन्सने गोल मारला नसता तर फर्गी गेला असता, पण तेव्हाचा चेअरमन मार्टिन एडवर्ड्स नंतर अनेकदा म्हणालाय की काढायचा विचारच नव्हता. क्लबचा जुना दिग्गज खेळाडू बॉबी चार्ल्टन बोर्डावर होता, म्हणजे फुटबॉल कळणारी माणसं निर्णय घेत होती आणि ती रिझल्टच्या पलीकडचं बघू शकत होती. वेळ मिळाला तो ह्या कारणाने मिळाला.

‘२०१३ नंतर कुणालाच वेळ दिला नाही.’

फर्ग्युसननंतर आलेल्या मॉयेसच्या बाबतीत हे मान्य. सहा वर्षांचा करार आणि दहा महिन्यांत हकालपट्टी, २२ एप्रिल २०१४. ८९ पॉइंट घेऊन, अकरा पॉइंटच्या फरकाने चॅम्पियन झालेली टीम त्याच्या हाती होती खरी पण ती म्हातारी होत आलेली होती, आणि ज्या उन्हाळ्यात फर्ग्युसन गेला त्याच उन्हाळ्यात चीफ एक्झिक्युटिव्ह डेव्हिड गिलही गेला आणि त्याच्या जागी एड वुडवर्ड आला, जो मुळात बँकेतला माणूस, मालक ग्लेझर कुटुंबाला क्लब विकत घ्यायला मदत केलेला. अख्खा उन्हाळा मोठमोठ्या नावांच्या मागे धावून शेवटच्या दिवशी फेलेनी हातात आला. त्या माणसाला खरंच काही संधी नव्हती.

पण बाकीचे? व्हॅन गालला पूर्ण दोन सिझन मिळाले. मोरिन्योला अडीच वर्षं, सोल्शायरला जवळजवळ तीन, टेन हागला सव्वादोन. आजच्या फुटबॉलमध्ये हा काही कमी वेळ नाही. आणि इथे ती गोष्ट येते जी ह्या मेसेजने पूर्ण झाकून टाकलीय. जरा तारखा बघा. मोरिन्योचा करार जानेवारी २०१८ मध्ये वाढवला आणि १८ डिसेंबर २०१८ ला काढलं. सोल्शायरचा करार जुलै २०२१ मध्ये २०२४ पर्यंत वाढवला आणि वॉटफर्डकडून ४-१ हरल्यावर २१ नोव्हेंबरला काढलं. टेन हागचा करार जुलै २०२४ मध्ये वाढवला आणि २८ ऑक्टोबरला काढलं, तेव्हा लीगच्या नऊ मॅच झाल्या होत्या आणि टीम चौदावी होती.

तीन मॅनेजर, तिघांनाही करार वाढवून मिळाला आणि तिघांनाही वर्षाच्या आत घालवलं. ह्याला उतावीळपणा म्हणायचं का? मी म्हणतो ही आंधळेपणाची लक्षणं आहेत, कारण ज्याला चार महिन्यांनी काढणार आहात त्याच्यावर तुम्ही सही करता तेव्हा तुम्हाला तुमच्याच टीममध्ये काय चाललंय ते कळत नसतं. टेन हागचं तर बघवत नव्हतं. २०२३-२४ ला टीम आठवी आली, तोपर्यंतची प्रीमियर लीगमधली सगळ्यात खालची जागा, गोल जितके मारले त्यापेक्षा जास्त खाल्ले, मग एफए कपच्या फायनलमध्ये सिटीला हरवलं, मग क्लबने दुसऱ्या मॅनेजरांशी बोलणी करून बघितली, मग परत ह्यालाच ठेवलं, वर त्याच उन्हाळ्यात दोनशे मिलियन पौंडाच्या आसपास खर्च करून डी लिख्त, मझरावी, झर्कझी, योरो, उगार्टे आणले आणि मग काढलं. मोरिन्यो गेला तेव्हा त्याला आणि त्याच्या स्टाफला १९.६ मिलियन पौंड द्यावे लागले. तेव्हा ‘वेळ दिला नाही’ असं म्हणू नका, ज्या वेळी थांबायला हवं होतं त्या वेळी सही केली असं म्हणा.

‘स्थिर क्लबच जिंकतात.’

चेल्सीने मार्च २०१२ मध्ये विलास-बोआसला काढलं, मे मध्ये डी मातेओने चॅम्पियन्स लीग जिंकली. जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्डला काढलं, मे मध्ये टुखेलने जिंकली. बायर्नने नोव्हेंबर २०१९ मध्ये कोव्हाचला बाजूला केलं आणि फ्लिकने त्याच सिझनला लीग, कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही आणले, वाटेत बार्सिलोनाला आठ गोल मारून. रिअलने जानेवारी २०१६ मध्ये बेनिटेझला घालवून झिदानला बसवलं आणि पुढचे तीन युरोपियन कप सलग त्यांचे. मी असं म्हणत नाहीये की मॅनेजर बदलत राहा, मी एवढंच म्हणतोय की मॅनेजर बदलण्याने क्लब बुडत नाही. बायर्न किंवा रिअलमध्ये मॅनेजर गेला तरी खेळाडू कोण घ्यायचे, कसं खेळायचं हे ठरवणारी माणसं आणि त्यांची पद्धत जागेवर असते.

आर्सेनलच्या मॅनेजर आर्टेटाचं उदाहरण हमखास येतं, दोनदा आठवा आला तरी ठेवला म्हणून. बरोबर आहे, पण आर्सेनलमध्ये खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारा एडू होता, टीम दरवर्षी तरुण होत होती, कुणाला विकायचं कुणाला ठेवायचं ह्यात एक दिशा दिसत होती. लिव्हरपूलचा मॅनेजर क्लॉप, त्याचं उदाहरण त्याहून जास्त बोलकं आहे. २०१७ मध्ये क्लॉपला युलियन ब्रांट हवा होता, लिव्हरपूलचा स्पोर्टिंग डायरेक्टर मायकल एडवर्ड्स आणि त्याच्या स्काउटिंगच्या लोकांनी सालाहचा आग्रह धरला आणि क्लॉपने ऐकलं. २०२४ मध्ये क्लॉप गेला, आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं आता लिव्हरपूल संपलं (मी लिव्हरपूलबद्दल चांगलं लिहितोय हे मला सोपं जात नाहीये), आणि आर्ने स्लॉटने जवळजवळ तीच टीम घेऊन पहिल्याच सिझनला लीग जिंकली. एक माणूस गेला आणि क्लब चालू राहिला. आपल्याकडे २०१३ मध्ये एक माणूस गेला आणि त्याच्यामागे काहीच उरलं नाही, डायरेक्टर ऑफ फुटबॉल, म्हणजे मॅनेजरच्या वर बसून फुटबॉलची दिशा ठरवणारा माणूस, हे पदच युनायटेडमध्ये मार्च २०२१ पर्यंत नव्हतं. आठ वर्षं! तोवर मॉयेस, व्हॅन गाल आणि मोरिन्यो येऊन गेले होते.

‘पैसा ओतलाय, मग मालकांचा काय दोष?’

ह्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने ७९० मिलियन पौंडांना क्लब घेतला आणि त्यातलं पाचशे मिलियनहून जास्त कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं. त्याआधी क्लबवर कर्ज नव्हतं. म्हणजे क्लब विकत घ्यायचा पैसा क्लबनेच फेडायचा, आणि तेव्हापासून शेकडो मिलियन पौंड नुसत्या व्याजात गेलेत. म्हणून तर त्याच वर्षी काही सपोर्टर्सनी वेगळं होऊन एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर काढला, म्हणून २०१० मध्ये ओल्ड ट्रॅफर्ड हिरव्या-सोनेरी स्कार्फांनी भरलं, न्यूटन हीथ ह्या क्लबच्या मूळ नावाच्या काळातले ते जुने रंग. मे २०२४ मध्ये आर्सेनलच्या मॅचनंतर स्टेडियमच्या छपरातून पाण्याचे लोट कोसळत होते ते सगळ्या जगाने बघितलं.

आणि जो पैसा ओतला तो कसा ओतला? डी मारिया जवळजवळ साठ मिलियन पौंडांना आणला, वर्षात पॅरिसला गेला. पोग्बा २०१२ मध्ये फुकट सोडला, २०१६ मध्ये ८९ मिलियनला परत घेतला, २०२२ मध्ये परत फुकट सोडला. मोरिन्यो २०१८ च्या उन्हाळ्यात सेंटर बॅक (बचावफळीच्या मधला खेळाडू) मागत होता, मिळाला नाही, आणि तो गेल्यावर आठ महिन्यांत मॅग्वायरला ८० मिलियन मोजले. सोल्शायरला डिफेन्सिव्ह मिडफिल्डर हवा होता तर २०२१ मध्ये ३६ वर्षांचा रोनाल्डो आला. टेन हागच्या काळात तर त्याच्या जुन्या क्लबमधून, आयॅक्समधून गेलेलं जवळजवळ प्रत्येक नाव विकत घेतलं, अँटनी ८० मिलियनच्या वर. पझेशनवाला व्हॅन गाल, मग काउंटर अटॅकवाला मोरिन्यो, मग सोल्शायर, मग सहा महिने तात्पुरता आणलेल्या रांगनिकचं प्रेसिंग, प्रत्येकाला आधीच्याच्या आवडीची टीम मिळाली आणि प्रत्येकाने ती मोडून पुन्हा खरेदी केली. रांगनिकने एप्रिल २०२२ मध्ये सरळ सांगितलं होतं की वरवरच्या मलमपट्टीने होणार नाही, ओपन हार्ट सर्जरी लागेल. त्याला सल्लागार म्हणून ठेवणार होते, तेही झालं नाही.

‘खेळाडू माजलेत.’

असतील काही. पण मॅक्टॉमिनेला आपण विकला आणि तो नापोलीत जाऊन पहिल्याच सिझनला लीग जिंकला, इटलीतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. अँटनीची सगळ्यांनी चेष्टा केली, तो स्पेनमध्ये बेटिसला गेला आणि युरोपियन फायनल खेळला. तेच पाय, तीच माणसं. ह्यावर अजून काय बोलायचं.

‘आता रॅटक्लिफ आलाय, स्ट्रक्चर बसलंय, म्हणून आता तरी पाच वर्षं द्या.’

हे मेसेजमध्ये नाही पण त्याखाली लोक लिहितायत, म्हणून घेतो. २०२४ च्या सुरुवातीला उद्योगपती जिम रॅटक्लिफने क्लबचा पाव हिस्सा घेऊन फुटबॉलचा कारभार हातात घेतला तेव्हा मलाही फार आशा होती. मग न्यूकॅसलकडून स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन अॅशवर्थला मिळवण्यासाठी महिनोनमहिने भांडले, तो जुलैत रुजू झाला आणि डिसेंबरमध्ये गेला. टेन हाग, त्याचा स्टाफ आणि अॅशवर्थ ह्यांना घालवायचा खर्च साडेचौदा मिलियन पौंड, आणि त्याच काळात पैसे नाहीत म्हणून आधी अडीचशे कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या काढल्या आणि मग आणखी दोनशेपर्यंत काढायचं जाहीर केलं, ज्यातल्या एकानेही अँटनी विकत घेतला नव्हता.

आणि अमोरिम. हा माणूस स्पोर्टिंगमध्ये तीन सेंटर बॅक घेऊन खेळत होता, त्याच पद्धतीने तिथे दोनदा लीग जिंकला होता, हे पोर्तुगालमधलं लहान पोरही सांगेल. त्याने सिझन संपल्यावर येतो असं सांगितलं होतं, त्याला आत्ताच ये नाहीतर विसर असं सांगून नोव्हेंबरमध्ये आणलं, अशा टीमवर जिच्यात त्या पद्धतीला लागणारे विंग बॅक, म्हणजे कडेने वर-खाली धावणारे खेळाडूच, नव्हते. टीम पंधरावी आली, ४२ पॉइंट, १९७४ ला खालच्या डिव्हिजनमध्ये गेल्यानंतरची सगळ्यात वाईट जागा, बिल्बाओला झालेल्या युरोपा लीगच्या फायनलमध्ये टॉटनहॅमकडून हार, मग चौथ्या डिव्हिजनमधल्या ग्रिम्सबीकडून पेनल्टीवर. तरी ठेवला, तरी नवीन फॉरवर्ड घेऊन दिले, आणि चौदा महिन्यांनी तो ‘मी इथे मॅनेजर म्हणून आलो, नुसता कोच म्हणून नाही’ असं बोलल्यावर दुसऱ्याच दिवशी काढला. त्याने चुका केल्या, माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही असं मी म्हणणार नाही. पण तो कसा खेळवतो हे त्याला आणण्याआधी माहीत होतं, त्याला कोणते खेळाडू लागतील हे माहीत होतं, आणि तो विमानातून उतरला त्या दिवशी ते खेळाडू क्लबमध्ये नव्हते हेही माहीत होतं. त्याला ज्यांनी निवडलं, पुढच्याला निवडायचा अधिकारही त्यांच्याकडेच आहे. मला पाच वर्षं कुणाला द्यायची ते विचारू नका, मला आधी त्यांच्याकडून ऐकायचंय की त्यांनी काय बघून त्याला आणलं होतं.